त्याला 'आत' टाकण्याआधी

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात समुपदेशन केंद्राच्या एका कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मेळाव्याचे विषय ठरवायला आपण बसलो होतो तेव्हा हा विषय नको म्हणणाऱ्यांत मीही होते. आपल्यातल्या एका जुन्या कार्यकर्तीनं विचारलं, "पुरुषांच्या व्यसनमुक्तीवर बोलायला जग पडलंय. बायकांच्या संघटनेनं पुन्हा त्यांच्याच सेवेला कशाला लागायचं?" प्रश्न चुकीचा नव्हता. तरी मी आज उभी आहे, ती केंद्राची नोंदवही चाळल्यामुळे. बुधवारी केंद्र उघडतं. बाई येते, खुर्चीवर टेकते, पदरानं तोंड पुसते आणि विचारते, "ताई, त्याला कुठं टाकता येईल का?" घटस्फोट नंतर, पोटगी नंतर, पोलीस तर फारच नंतर. आधी तिला जागा हवी असते, नवऱ्याला ठेवायला.

आणि आपण उत्तर दिलं नाही तर द्यायला दुसरे टपलेले आहेतच. एस.टी. स्टँडच्या भिंतीवर बघा. 'न सांगता दारू सोडवा', 'घरून उचलून नेण्याची सोय'. बाई शिकलेली असो नसो, तो नंबर तिच्यापर्यंत पोचतो. आपला नंबर पोचत नाही.

आधी एक गाठ सोडवून घेऊ. "तसा तो चांगला आहे हो, दारू प्यायला की मारतो," हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, काहींनी म्हटलंही असेल. त्यात खरं किती? २०१९ ते २१ या काळात देशभर जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिच्यात हे विचारलं होतं. ज्यांचा नवरा वरचेवर झिंगून येतो, अशा बायकांपैकी ७० टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली होती. ज्यांचा नवरा पीतच नाही, त्यांच्यात हे प्रमाण २३ टक्के. म्हणजे दारूनं मार वाढतो, तिपटीनं वाढतो, हे खरं. पण ते २३ टक्के नवरे कशाच्या नशेत मारतात? त्यांनी तर थेंबही घेतलेला नसतो.

याच्याही पुढची गोष्ट गोव्यातली आहे. तिथल्या 'संगात' या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी दारूचा त्रास असलेल्या पुरुषांशी बोलायचं, जास्तीत जास्त चार बैठका. ३७७ पुरुष त्यात होते. तीन महिन्यांनी पाहिलं, तर बोलणं झालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुष त्रासाच्या रेषेखाली आले होते. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. हे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. स्वस्तातलं, गावातलं, चार बैठकांचं काम, म्हणून ते महत्त्वाचंच. पण त्याच अभ्यासात बायकोवरच्या हिंसेचंही विचारलं होतं. त्यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मी हे वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. दारूवर उपचार केला की दारूवर परिणाम होतो. हात उगारायची सवय ही वेगळी गोष्ट आहे, तिच्यावर गोळी नाही. म्हणून आमच्या केंद्रात आता दोन वेगळे रकाने केलेत. पिण्याचं काय झालं, एक. मारण्याचं काय झालं, दुसरा. पहिल्यात बरोबरची खूण आली म्हणून दुसऱ्यात आपोआप येत नाही.

आता उपचारांकडे येते.

बायका मला विचारतात, "मनावर घेतलं तर सुटत नाही का?" काहींची सुटते. पण रोज, सकाळपासून, वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरानं दारू गृहीत धरलेली असते. ती एकदम बंद केली की सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, माणूस कोण, वेळ कोणती हे कळत नाही, ताप चढतो. यात माणूस दगावतो. आपल्याकडे काय होतं? एकादशीला माळ घातली, देवापुढं शपथ घेतली, तिसऱ्या दिवशी माणूस बडबडायला लागला, की म्हणायचं बाहेरचं झालं. मग अंगारा. माळेबद्दल मी वाईट बोलणार नाही. माळेनं सुटलेली माणसं मी पाहिलीत, वारीच्या संगतीत वर्षानुवर्षं टिकलेलीही. माझं म्हणणं इतकंच, की माळ गळ्यात असू द्या, पण पहिला आठवडा डॉक्टरच्या नजरेखाली काढा. डॉक्टर त्या काळापुरत्या शांत करणाऱ्या गोळ्या देतात आणि त्या दिवसागणिक कमी करत बंद करतात. बी-वन म्हणजे थायमिनची इंजेक्शनं देतात, कारण पिणाऱ्याच्या अंगात ते जीवनसत्त्व उरलेलं नसतं आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होते. थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावणं अशा माणसाला धोक्याचं असतं. हे लक्षात ठेवा, कारण गावात अशक्तपणा आला की पहिली बाटली तीच चढते.

पण हा आठवडा म्हणजे उपचार नव्हे, ही उपचाराची पायरी आहे. अंगातून दारू गेली, डोक्यातून कुठे गेलीय! त्यापुढे ओढ कमी करणारी औषधं आहेत, नालट्रेक्सोन आहे, अ‍ॅकॅम्प्रोसेट आहे. ती मानसोपचारतज्ज्ञ लिव्हरची तपासणी करून देतात. गर्दसारख्या अफूच्या जातीच्या नशेवर ब्युप्रेनॉर्फिनची जिभेखाली ठेवायची गोळी मिळते, ती बरेच महिने, कधी वर्षंही घ्यावी लागते आणि घरचे म्हणतात, "एक सोडून दुसरं व्यसन लावलं." तसं नाही ते. त्या गोळीवर माणूस कामाला जातो, सुया टोचून घेत नाही. शहरांत हल्ली पोरं एम.डी. घेतात, त्यावर मात्र असं खास औषध नाही, समुपदेशन आणि देखरेख हाच आधार.

आणि ती पुडी. तिच्याबद्दल थोडं रागानं बोलते, माफ करा. 'न सांगता सोडवा'वाल्या पुडीत काय असतं हे विकणाराच जाणे. पण खुद्द दवाखान्यातली एक गोळीही घरोघर अशीच वापरली जाते, डायसल्फिराम. दारू शरीरात मोडताना मधे एक विषारी पदार्थ तयार होतो, तो पुढं मोडू न देणं हे या गोळीचं काम. गोळी पोटात असताना प्यायला, तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, ओकाऱ्या, रक्तदाब खाली. त्या भीतीनं माणूस पीत नाही. १९४८च्या सुमारास डेन्मार्कमध्ये हे औषध पुढं आलं, आजही वापरतात, आणि ज्याला माहीत आहे, ज्यानं स्वतः हो म्हटलंय, ज्याची तपासणी झालीय, त्याला उपयोगी पडतं. पण आमच्याकडे आलेली एक मुलगी, विशीतली, ती आमटीत कुटून घालायची. सासूनं आणून दिली होती. नवऱ्याला माहीत नाही, तो बाहेरून पिऊन आला आणि अंगणात कोसळला. वाचला. पण गावात बोभाटा कुणाचा झाला? बायकोनं विष घातलं. सासू गप्प. बघा, त्याची दारू सोडवायची जबाबदारी तिची, चोरून करायचं तिनं, आणि मेला असता तर खुनाचा गुन्हाही तिच्यावर. कुणाच्याही जेवणात काहीही घालू नका. कुणीही आणून देवो, अगदी ओळखीच्या कंपाउंडरनं देवो.

आता 'टाकायच्या' जागा.

माझा दादा लेथवर काम करायचा. हात चांगला होता, पगार चांगला होता, आणि पिणंही तसंच. २०११ साली वहिनीला कुणीतरी एका केंद्राचा नंबर दिला. पहाटे साडेचारला गाडी आली, चार जण उतरले, दादाचे हात टॉवेलनं बांधले आणि झोपेतून उचलून नेला. वहिनीनं एका कोऱ्या कागदावर सही केली. पैशासाठी तिनं पाटल्या मोडल्या. नव्वद दिवस भेटायचं नाही, फोन नाही, 'लाड केले की बिघडतात'. तिसऱ्या दिवशी दादाला आकडी आली, डोकं फरशीवर आपटलं. डॉक्टर तिथं नव्हता, जुन्या पेशंटांनीच धरून ठेवला. डोक्याचा चमनगोटा केला, चाळीस माणसांची भांडी घासायला लावली, उलट बोलला की पट्टा. हे सगळं आम्हाला नंतर तुकड्या-तुकड्यानं कळलं. घरी आला तेव्हा वजन वाढलेलं, चेहरा शांत. आई म्हणाली, पोरगं सुधारलं. एकोणिसाव्या दिवशी प्यायला. आणि त्या रात्री वहिनीला जे मारलं ते आधी कधी मारलं नव्हतं. "तू मला पकडून दिलंस," म्हणत मारलं. पाटल्या गेल्या त्या गेल्याच.

मानसिक आरोग्याचा आजचा कायदा २०१७ चा आहे, २०१८ मध्ये अमलात आला. दादाच्या वेळी तो नव्हता. आज आहे, आणि तो बायकांना माहीत पाहिजे, कारण सही बायकोची घेतात. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार या कायद्यानं मानसिक आजारात धरलेत. म्हणून अशा रुग्णांना ठेवून घेऊन उपचार करणाऱ्या केंद्राची राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. साखळीनं बांधणं, कोणत्याही रूपात, बंद. सक्तीनं डोकं भादरणं नाही, जबरीनं कामाला जुंपणं नाही, स्वतःचे कपडे घालू द्यायचे, घरच्यांशी बोलू द्यायचं. स्वतःहून दाखल झालेल्याला स्वतःच्या मागणीवर बाहेर पडता येतं. फार तर तपासणीसाठी चोवीस तास थांबवू शकतात. त्याच्या मर्जीविरुद्ध ठेवायचं तर दोन तज्ज्ञांनी त्याला वेगवेगळं तपासायचं, त्यात एक मानसोपचारतज्ज्ञ असलाच पाहिजे, आणि सुरुवातीला तीस दिवसांपर्यंतच ठेवता येतं, तेही मंडळाला कळवून. असं कधी ठेवता येतं, याच्या कारणांत एक कारण आपल्या कामाचं आहे. तो दुसऱ्याशी हिंसेनं वागतोय किंवा दुसऱ्याला त्याच्यापासून इजेची भीती वाटतेय. आजारामुळे असं होतंय हे तज्ज्ञांनी ठरवायचं. म्हणजे बाईची भीती हे कायद्याला मान्य असलेलं कारण आहे; पण पहाटेची गाडी आणि टॉवेल हा तिचा मार्ग नव्हे.

तेव्हा कुठलंही केंद्र दाखवलं की मी बायकांना सांगते, आधी स्वतः जाऊन या. स्वयंपाकघर बघा, संडास बघा. मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतो ते विचारा आणि त्या वारी जा. नोंदणीचा कागद मागा. तुम्हाला आत फिरू देत नसतील तर तुमच्या माणसाला तिथं ठेवू नका. कोऱ्या कागदावर सही तर नाहीच नाही.

चांगली केंद्रं आहेत, हेही सांगते. पुण्यात येरवड्याला 'मुक्तांगण' १९८६ साली सुरू झालं. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी एक लाख रुपये देऊ केले, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण रोजचं काम कुणी उभं केलं? डॉ. अनिता अवचटांनी. त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. १९९७ साली त्या कॅन्सरनं गेल्या. तिथं पेशंटांच्या बायकांचा 'सहचरी' नावाचा गट आहे. चेन्नईचं मोठं केंद्र शांती रंगनाथन यांनी १९८० साली उभारलं, त्यांचे पती दारूनं गेले होते. आणि दारू सोडणाऱ्यांचा तो जगभरचा गट, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, १९३५ साली अमेरिकेत दोन पुरुषांनी सुरू केला. त्यातल्या एकाची बायको लोइस हिनं पुढं एका मैत्रिणीबरोबर १९५१ साली घरच्या लोकांसाठी अल-अ‍ॅनॉन सुरू केलं. या क्षेत्रात विटा वाहिलेल्या बायका पुष्कळ निघतील, पाटीवर नाव नसलं तरी.

ए.ए. म्हणजे त्या गटाच्या बैठका आपल्याकडे बऱ्याच गावांत भरतात, शाळेच्या वर्गात, चर्चच्या खोलीत. फी नाही, नाव सांगावं लागत नाही, पिणं थांबवायची इच्छा असली की झालं. बाप्यानं बाप्यापुढं 'माझं चुकलं' म्हणणं हे दृश्य आपल्या समाजात दुसरीकडं फारसं दिसत नाही. अल-अ‍ॅनॉनमध्ये बायकोला सांगतात की त्याची दारू तुझ्यामुळे नाही, ती तुझ्या ताब्यातली नाही आणि ती तू बरी करू शकत नाहीस. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला, म्हणजे काय हात बांधून बसायचं? पण "हिनंच नीट ठेवलं नाही म्हणून पितो" असं वीस वर्षं ऐकलेली एक मावशी तिथं ते ऐकून ढसाढसा रडली, तेव्हा मला त्याचा अर्थ लागला.

सरकारी दवाखाना आपण विसरतो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, बाह्यरुग्णमध्ये दाखवता येतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. गर्दी असते, डॉक्टर पाच मिनिटं देतात, औषध कधी असतं कधी नसतं. तरीही जो माणूस कामावर जातो, ज्याला आकड्यांचा इतिहास नाही, त्याला घरी राहूनच उपचार घेता येतात हे कितीतरी बायकांना माहीतच नसतं. व्यसन म्हटलं की 'टाकणं'च त्यांच्या डोळ्यांपुढं येतं. फोनवर बोलायचं तर टेली-मानसचा नंबर १४४१६, मराठीतून बोलतात, दिवसरात्र चालू. व्यसनमुक्तीसाठी सरकारची वेगळी हेल्पलाइनही आहे, १४४४६.

नाहीतर एकूण चित्र काय आहे? केंद्र सरकारनं एम्सकडून करून घेतलेली पाहणी २०१९ मध्ये आली. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांत एकाला कसला ना कसला उपचार मिळाला होता, आणि १८० मध्ये एकाला दाखल होऊन. त्याच पाहणीत दारू पिणाऱ्या दर एका बाईमागे सतरा पुरुष होते. म्हणजे ३७ जण बिनउपचाराचे, आणि ते सगळे कुठं असतात? घरात. त्यांना सांभाळायला पगार न घेणारी परिचारिका ठेवलेलीच आहे. (हशा.) हसू नका, खरंच. एक बाई मला म्हणाली, "तो आत असतो त्यो म्हयना आमचा सणाचा, ताई. पोरं अभ्यासाला बसत्यात, मी उताणी झोपते."

"तो जायलाच तयार नाही," ही तक्रार सगळ्यांत मोठी. यावर अमेरिकेत एक पद्धत निघाली, क्राफ्ट म्हणतात तिला. तिच्यात समुपदेशक पिणाऱ्याशी नाही, त्याच्या घरच्या माणसाशी काम करतो. तो शुद्धीत असेल तेव्हा बोलायचं, जवळ बसायचं, आवडीचं करायचं. प्यायलेला असला की बाजूला व्हायचं, वाद नाही, जेवणाचं ताट घेऊन जागत बसणं नाही. त्याच्या मालकाला 'ताप आलाय' असं खोटं कळवायचं नाही. त्यानं केलेली घाण त्यानं सकाळी बघायची. आणि त्याला स्वतःची लाज वाटत असते अशी एखादी वेळ येते, तेव्हा तयार ठेवलेला दवाखान्याचा पत्ता पुढं करायचा. १९९९ साली छापलेल्या एका अभ्यासात या पद्धतीनं १०० पैकी ६४ घरांतली माणसं उपचाराला गेली. सगळ्यांनी मिळून घेरून समजावण्याच्या पद्धतीनं ३०, अल-अ‍ॅनॉनच्या वाटेनं १३. अर्थात अल-अ‍ॅनॉनचा हेतू तो नसतोच, घरच्यांचं मन सावरणं हा असतो.

हे सांगताना मी अडखळते, कारण पुन्हा शिकायचं बायकोनंच. पण या पद्धतीत दोन गोष्टी मला पटल्या. एक म्हणजे तिचं स्वतःचं आयुष्य, तिची झोप, तिच्या मैत्रिणी हा उपचाराचा भाग धरतात, बक्षीस नाही. आणि दुसरी, जिथं मार आहे तिथं सुरक्षितता आधी. ताट वाढलं नाही म्हणून जो कोयता काढतो, त्याच्यावर ही पद्धत घरच्या घरी करून बघायची नाही.

बरं, माणूस पुन्हा पितो. केंद्रातली माणसं 'स्लिप झाली' म्हणतात. हे पुष्कळांचं होतं, आणि त्यानं आधीचे चार महिने वाया जात नाहीत. दादाचं तसंच झालं. २०१४ मध्ये तो जिल्हा रुग्णालयात स्वतः गेला, पाय सुजले होते म्हणून. तिथल्या एका तरुण डॉक्टरनं त्याला विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय करावंसं वाटतं?" दादा सांगतो, मला हे कुणी विचारलंच नव्हतं तोवर. गोळ्या, मग ए.ए.ची बैठक, मग स्लिप, मग पुन्हा बैठक, पुन्हा स्लिप. २०१६ पासून तो प्यालेला नाही. आजही आठवड्याला बैठकीला जातो, आणि दुसऱ्यांच्या घरी रात्री-अपरात्री धावूनही जातो. माझ्या भावाचा मला अभिमान आहे, तो लपवत नाही.

पण वहिनी २०१३ मध्येच मुलीला घेऊन माहेरी गेली होती. पुढं तिनं खोली केली, शाळेत खिचडी शिजवायचं काम धरलं. दादा सुधारला तसं आईनं टुमणं लावलं, आता तिला आण. आणि आणायला कोण गेलं? मी. केंद्रात बसून बायकांना त्यांचे हक्क सांगणारी मी, २०१८ च्या दिवाळीत साडी घेऊन वहिनीच्या दारात गेले. मी तिला सगळं सांगितलं, दोन वर्षं थेंब नाही, पगार बँकेत पडतो, माणूस बदललाय. तिनं ऐकून घेतलं. चहा केला. मग म्हणाली, "वन्सं, ते बरे झाले, चांगलं झालं. पण पहाटे गाडी थांबल्याचा आवाज आला की मला अजून जाग येते, आणि कुणी जोरात दार लावलं की पोरगी कॉटखाली बघते. इथं आम्ही झोपतो. तिथं झोप यायची नाही." साडी तिनं ठेवून घेतली, माझा मान म्हणून. दादाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "तिचं बरोबर आहे." मुलीची फी तो भरतो. भेटतात. एकत्र राहत नाहीत.

त्यानंतर मी केंद्रात एक गोष्ट बदलली. पूर्वी नवरा दाखल झाला की आम्ही बाईची फाइल 'समझोता' म्हणून बंद करायचो. आता करत नाही. सासरचे येतात, म्हणतात, तो उपचार घेतोय, केस मागं घ्या. आम्ही म्हणतो, उपचार त्याच्यासाठी आहेत, केस तिच्यासाठी आहे, दोन्ही चालू राहतील. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली बाईला राहत्या घरात राहायचा हक्क आहे, मारहाणीविरुद्ध संरक्षणाचा आदेश मिळतो, खर्चाला पैसे मागता येतात, गरज पडली तर न्यायालय त्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतं. पगार दारूत घालवून घरखर्चाला न देणं ही आर्थिक हिंसा या कायद्यात लिहिलेली आहे. तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे अर्ज करता येतो. आणि तो केंद्रातून घरी यायच्या आधी, आत असतानाच, त्याच्याशी समुपदेशकासमोर बोलून ठरवावं की कुठं राहायचं, पगार कुणाच्या खात्यात, पुन्हा प्यायला तर कुणाकडं जायचं, आणि हात उगारला तर काय होईल. हे लिहून घ्यावं. आम्ही साध्या वहीच्या कागदावर लिहून घेतो.

एक चिठ्ठी आलीय, ती वाचून थांबते. "ताई, माझा नवरा पीत नाही, मुलगा पितो. नवऱ्याला सोडता येतं, मुलाला कसं सोडायचं?"

हो. माझ्या सगळ्या बोलण्यात नवराच होता, माझी चूक. आईचं वेगळं आहे, हे मी माझ्या आईकडं बघून सांगू शकते. तिनं दादासाठी खोटं बोललं, उसने पैसे आणले, वहिनीवर ढकललं, सगळं केलं. कायद्याचं विचारलंत तर मुलगा हात उगारत असेल तर आईलाही याच कायद्याखाली दाद मागता येते, आणि वय साठच्या वर असेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा आहे. पण चिठ्ठीत विचारलंय ते कायद्याचं नाही. सोडावं लागतंच असं नाही. त्याला पैसे देणं सोडता येतं, खोटं बोलणं सोडता येतं, रात्री दार उघडायला जागणं सोडता येतं, एकेक करून. त्याला किती वर्षं झाली पितोय, कामाला जातो का, काविळीचं काही झालंय का, हे कळल्याशिवाय मी इथून काही सांगणार नाही. चिठ्ठीवर नाव नाही. जेवणं झाल्यावर मी मागच्या खोलीत बसणार आहे, दार लोटून. त्याचा केसपेपर असला तर घेऊन या, नसला तरी या.